सिक्युअर बूट अडलं तर आधी फर्मवेअर: लॅपटॉपचं बायोस अपडेट करायची नीट रीत

सिक्युअर बूट म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विश्वासातली डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी. लॅपटॉप सुरू करताच 'सिक्युअर बूट व्हायोलेशन' अशी चौकट आली की आजूबाजूचे सगळे एकच उपाय सुचवतात: बायोसमध्ये जा आणि सिक्युअर बूट बंद करून टाका. तेवढ्यानं लॅपटॉप सुरू होतो हे खरं, पण मूळ दुखणं तसंच राहतं. त्यात डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर पुढच्याच सुरुवातीला 48 आकडी रिकव्हरी की मागणारा निळा पडदा येतो. ती की कुठे आहे हे त्या घडीला कुणालाच आठवत नाही.

बरेचदा खरा उपाय फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, अपडेट करणं हाच असतो. त्याला तासाभराचं काम पुरतं. मात्र पायऱ्यांचा क्रम चुकला तर चालू असलेला लॅपटॉपही अडतो, म्हणून आज क्रमावर जास्त भर देतोय.

सिक्युअर बूट नेमकं काय तपासतं

मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश चिप असते. त्यात यूईएफआय फर्मवेअर असतं, ज्याला आपण सवयीनं अजून बायोसच म्हणतो. सिक्युअर बूटच्या किल्ल्याही याच चिपमध्ये चार थरांत ठेवलेल्या असतात. सगळ्यात वर पीके, म्हणजे प्लॅटफॉर्म की. ही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची. तिच्याखाली केईके. या किल्लीची सही असेल तरच खालच्या याद्यांमध्ये बदल करता येतो. खाली दोन याद्या: डीबीमध्ये कोणाच्या सहीचा बूटलोडर (विंडोज किंवा लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) चालवायचा ते, आणि डीबीएक्समध्ये सही बरोबर असली तरी काय चालवायचं नाही ते.

विंडोज 8 बरोबर 2012 मध्ये हा प्रकार घरोघरच्या लॅपटॉपवर आला, आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टची 2011 सालची प्रमाणपत्रं, म्हणजे सही पडताळायच्या किल्ल्या, बसवलेली आहेत. त्यांची मुदत 2026 मध्ये संपते. केईके आणि लिनक्स वगैरेंसाठी वापरलं जाणारं यूईएफआय सीए 2011 ही दोन जूनमध्ये, तर विंडोजचा बूट मॅनेजर ज्याच्या सहीनं चालतो ते विंडोज प्रॉडक्शन पीसीए 2011 ऑक्टोबरमध्ये. त्यांच्या जागी 2023 ची नवी प्रमाणपत्रं आली आहेत.

मुदत संपली म्हणून त्या दिवशी लॅपटॉप बंद पडत नाही. जुन्या सहीचा बूट मॅनेजर पुढेही चालतो. फक्त बूट मॅनेजरची आणि डीबीएक्सची नवी सुरक्षा अपडेट्स तुमच्या मशीनपर्यंत पोचणं थांबतं. हे किरकोळ वाटत असेल तर ब्लॅकलोटस आठवा. विंडोजच्या बूट मॅनेजरमधली जी त्रुटी मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2022 मध्येच दुरुस्त केली होती, तीच वापरून हे बूटकिट, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मालवेअर, सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर शिरत होतं. कारण सदोष पण सही असलेल्या जुन्या फाइल्स डीबीएक्समध्ये टाकलेल्याच नव्हत्या.

यात लॅपटॉप कंपनीच्या फर्मवेअरचा संबंध असा, की नवी केईके बसवायला पीकेची सही लागते आणि पीके असते कंपनीकडे. म्हणजे मायक्रोसॉफ्टला एकट्यानं सगळं करता येत नाही. शिवाय काही जुन्या फर्मवेअरमध्ये असे दोष असतात, की किल्ल्या बदलायला गेलं तर लिहिणंच अपयशी ठरतं. आणि फर्मवेअर स्वतःही निर्दोष नसतं. सुरुवातीला दिसणारं कंपनीचं चिन्ह वाचणाऱ्या कोडमधल्या त्रुटी, म्हणजे लोगोफेल, डिसेंबर 2023 मध्ये बाहेर आल्या. जुलै 2024 मध्ये पीकेफेल उघड झालं: काही उत्पादकांनी फर्मवेअर बनवणाऱ्या एएमआय कंपनीची चाचणीपुरती दिलेली की, जिच्या नावातच 'डू नॉट ट्रस्ट' लिहिलेलं होतं, विक्रीच्या मशीनमध्ये तशीच ठेवून दिली होती. हे दोन्ही दोष दुरुस्त होतात ते कंपनीच्या फर्मवेअर अपडेटमधूनच.

तुमची तक्रार यातली कोणती?

सगळ्याच तक्रारी अपडेटनं सुटत नाहीत, म्हणून आधी हे बघून घ्या.

'इनव्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड' असा संदेश पेन ड्राइव्हवरून काही सुरू करताना येत असेल, तर त्या पेन ड्राइव्हवरचा बूटलोडर डीबीएक्समध्ये गेला असण्याची शक्यता मोठी. जुन्या लिनक्स आयएसओचं (लिनक्स बसवायच्या फाइलचं) हे नेहमीचं आहे, कारण ग्रब बूटलोडरमधली बूटहोल ही त्रुटी 2020 मध्ये सापडल्यानंतर जुन्या ग्रबवर बंदी आली. अशा वेळी लॅपटॉपला हात लावू नका, नवी आयएसओ उतरवा.

'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' हा संदेश विंडोज आणि लिनक्स एकत्र ठेवणाऱ्यांना ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर आला. त्याचाही फर्मवेअरशी थेट संबंध नाही. लिनक्सच्या भागात त्यावर लिहिलं आहे.

व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज 11 वर सिक्युअर बूट मागतोय, आणि बायोसमध्ये तर तो 'एनेबल्ड' दिसतोय? मग किल्ल्याच भरलेल्या नाहीत, किंवा विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं बसवलेलं आहे.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'टीपीएम-डब्ल्यूएमआय' या स्रोताखाली 1801 किंवा 1795 क्रमांकाची नोंद दिसत असेल, तर हा लेख खास तुमच्यासाठी. 1801 म्हणजे नवी प्रमाणपत्रं अजून फर्मवेअरमध्ये बसलेली नाहीत. 1795 म्हणजे विंडोजनं ती लिहायचा प्रयत्न केला आणि फर्मवेअरनं चूक परत केली. या दुसऱ्या नोंदीवर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, फर्मवेअरच बदलावं लागतं.

सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी

स्टार्ट मेनूत 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाइप करा, नावावर उजवी क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. साध्या क्लिकनंही ती उघडते, पण मग 'पीसीआर7 कॉन्फिगरेशन' या ओळीत खरी माहिती दिसत नाही, आणि ती आपल्याला लागणार आहे.

या खिडकीतल्या पाच ओळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. 'सिस्टिम मॉडेल' किंवा 'सिस्टिम एसकेयू', कारण फाइल शोधताना तेच लागतं. 'बायोस व्हर्शन/डेट', म्हणजे आत्ता काय बसलंय ते. 'बायोस मोड' इथे 'यूईएफआय' हवं. 'लेगसी' असेल तर सिक्युअर बूट चालूच होऊ शकत नाही. आधी एमबीआर टू जीपीटी या विंडोजच्याच साधनानं डिस्कची मांडणी बदलावी लागते, आणि ते बॅकअप घेतल्याशिवाय करू नये. 'सिक्युअर बूट स्टेट' चालू की बंद ते. आणि पाचवी ओळ ती पीसीआर7 ची. तिथे 'बाउंड' असेल तर बिटलॉकरची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेली आहे. म्हणजे सिक्युअर बूट बंद-चालू केला किंवा डीबीत काही बदललं, की टीपीएमचा हिशोब जुळत नाही आणि डिस्कची किल्ली बाहेर येत नाही.

बिटलॉकर: ही पायरी गाळू नका

'मी बिटलॉकर कधी लावलंच नाही' असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. पण विंडोज 11 च्या होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगइन करून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तर ते बहुधा आपोआप चालू झालेलं असतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन या वाटेनं जाऊन बघा.

चालू असेल तर पहिलं काम रिकव्हरी की मिळवायचं. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जा, 'डिव्हायसेस'मध्ये आपला लॅपटॉप निवडा आणि 'मॅनेज रिकव्हरी कीज' उघडा. एकाच नावाच्या दोन-तीन नोंदी असू शकतात. की मागणाऱ्या निळ्या पडद्यावर 'की आयडी' दिसतो, त्याचे पहिले आठ अक्षरांक जुळतात तीच आपली. 48 आकडे कागदावर लिहा किंवा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवण्यात काही अर्थ नाही, हे सांगायला नको. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी विभागाकडे असते, आणि खरं तर तिथलं फर्मवेअरही त्यांनाच करू द्यावं.

दुसरं काम, संरक्षण तात्पुरतं थांबवणं. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलच्या बिटलॉकर पानावर 'सस्पेंड प्रोटेक्शन' आहे. होममध्ये ते बटण मिळालं नाही तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅनेज-बीडीई ही कमांड वापरता येते. तिच्यापुढे 'प्रोटेक्टर्स', मग 'डिसेबल' आणि शेवटी सी ड्राइव्हचं नाव. सस्पेंड म्हणजे डिक्रिप्ट नव्हे. डिस्क एन्क्रिप्टेडच राहते, फक्त किल्ली काही काळ उघडी ठेवली जाते, त्यामुळे याला दोन सेकंद लागतात. मात्र एकदा रीस्टार्ट झाल्यावर संरक्षण आपोआप परत चालू होतं, आणि फर्मवेअर अपडेटमध्ये लॅपटॉप दोन-तीनदा रीस्टार्ट होऊ शकतो. मॅनेज-बीडीईला 'रीबूटकाउंट 0' असं जोडलं की तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत ते थांबलेलं राहतं. काहीही केलंत तरी की हाताशी हवीच.

बरोबर फाइल शोधताना

फाइल फक्त लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच घ्यायची. डेलचा सर्व्हिस टॅग, एचपीचा प्रॉडक्ट नंबर, लेनोव्होचा मशीन टाइप हे लॅपटॉपच्या तळाशी छापलेले असतात. मॉडेलचं बाजारातलं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाखाली इंटेल आणि एएमडी असे वेगळे बोर्ड विकले जातात. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या नादी लागू नका.

फाइलबरोबरची रीडमी वाचा. इथे आळस करण्यात शहाणपण नाही. त्यात तीन गोष्टी बघायच्या. 2023 च्या प्रमाणपत्रांचा उल्लेख आहे का. फार जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारता येते की मधली एखादी आवृत्ती आधी बसवायला सांगितली आहे. आणि या अपडेटनंतर मागे जाता येतं की नाही. हल्ली अनेक अपडेट्स परतीची वाट बंद करतात. 'बीटा' असं लिहिलेलं असेल तर त्या फाइलला हात लावू नका.

सेकंड हँड बाजारातून घेतलेले कंपन्यांचे जुने थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड आपल्याकडे भरपूर चालतात. त्यांत बायोसला जुन्या मालकाचा सुपरवायझर पासवर्ड नाही ना, ते फाइल उतरवायच्या आधी तपासा. पासवर्ड असेल तर सिक्युअर बूटची सेटिंग्ज दिसतात पण बदलत नाहीत. विकणाऱ्याकडूनच तो काढून घ्या.

बायोसच्या पानांचे फोटो

अपडेटनंतर बायोसची सेटिंग्ज कधी कधी मूळपदावर जातात. सगळ्यात त्रासदायक म्हणजे डिस्कचा मोड. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' किंवा 'रेड ऑन' असं होतं ते 'एएचसीआय' झालं, किंवा उलट, तर विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळ्या पडद्यावर थांबतं आणि लोकांना वाटतं अपडेटनं डिस्क गेली. डिस्कला काही झालेलं नसतं, तो एक पर्याय आधीसारखा केला की विंडोज उघडतं. म्हणून आधी स्टोरेज, सिक्युरिटी, बूट या पानांचे फोटो घ्या.

बायोसमध्ये जायला डेल, आसुस आणि एसरवर एफ2, एचपीवर एफ10, थिंकपॅडवर एफ1, आयडियापॅडवर एफ2. दाबून दाबून बोट दुखलं तरी जात नसेल तर विंडोजमधून जा: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

अपडेट कसं करायचं

सगळ्यात सोपी वाट विंडोज अपडेटचीच आहे, आणि तिच्याकडेच लोकांचं लक्ष जात नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, ड्रायव्हर अपडेट्स असं जा. तिथे कंपनीच्या नावापुढे 'फर्मवेअर' लिहिलेलं काही असेल तर तेच. कंपनीनंच पाठवलेली फाइल असते, फक्त येते मायक्रोसॉफ्टमार्फत. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये 'यूईएफआय कॅप्सूल फर्मवेअर अपडेट्स' किंवा 'विंडोज यूईएफआय फर्मवेअर अपडेट' हा पर्याय बंद केलेला असतो. मग अपडेट उतरतं, रीस्टार्ट होतं, आणि आवृत्ती आहे तीच. असं झालं तर तो पर्याय चालू करून पुन्हा करा.

दुसरी वाट कंपनीच्या प्रोग्रॅमची: लेनोव्हो व्हँटेज, डेल कमांड अपडेट, एचपी सपोर्ट असिस्टंट, मायआसुस. किंवा सपोर्ट पानावरची फाइल थेट चालवायची. सगळे प्रोग्रॅम बंद करा, चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावा, बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा. बॅटरी मेलेली असेल तर बहुतेक अपडेटर काम करायला नकार देतात. इंटरनेटवर त्याला जबरदस्तीनं पुढे न्यायच्या युक्त्या मिळतात. त्या वापरण्यापेक्षा आधी बॅटरी बदला. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि मधे वीज गेली तर लॅपटॉपला तारणारी तीच एक गोष्ट आहे.

विंडोज सुरूच होत नसेल तर तिसरी वाट: पेन ड्राइव्ह. दुसऱ्या संगणकावर तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट करून त्यावर फाइल ठेवा. डेलवर सुरुवातीला एफ12 दाबून 'बायोस फ्लॅश अपडेट' निवडायचं, तिथे तीच विंडोजची फाइल चालते. आसुसवर बायोसच्या अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये 'ईझी फ्लॅश' आहे. झिप आधी उघडून आतली फाइल ठेवावी लागते. एचपीची फाइल दुसऱ्या विंडोज संगणकावर चालवली की रिकव्हरी पेन ड्राइव्ह करून देण्याचा पर्याय ती स्वतःच देते.

मग सुरू होतो तो भाग जिथे लोक घाबरून चूक करतात. लॅपटॉप रीस्टार्ट होतो, कंपनीच्या चिन्हाखाली टक्क्यांची पट्टी सरकू लागते. पट्टी मधेच एका आकड्यावर अडल्यासारखी वाटते. पंखा एकदम पूर्ण वेगानं घोंघावतो, पडदा काळा होतो, कीबोर्डचे दिवे लागून विझतात, आणि मिनिट-दोन मिनिटं काहीच घडत नाही. मग लॅपटॉप आपणहून बंद होऊन परत चालू होतो, आणि कधी पुन्हा एकदा तेच. हे सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं. मुख्य फर्मवेअर झालं की चार्जिंग आणि कीबोर्ड सांभाळणारा छोटा कंट्रोलर, मग इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, असे भाग एकामागून एक लिहिले जातात. पॉवर बटण दाबून धरायचं नाही, झाकण बंद करायचं नाही, चार्जर हलवायचा नाही. पडदा काळा राहिला तर अर्धा तास तरी वाट बघा.

एएमडीच्या काही मशीनवर अपडेटनंतर 'एफटीपीएम रीसेट' करायचं का, वाय की एन, असं विचारलं जातं. रिकव्हरी की हातात नसेल तर एन. वाय दाबलंत तर टीपीएममधल्या किल्ल्या पुसल्या जातात. बिटलॉकर की मागेल आणि विंडोज हॅलोचा पिनही नव्यानं ठेवावा लागेल.

नवं फर्मवेअर बसलं, पण सिक्युअर बूट अजून बंदच

आधी फोटो समोर ठेवून सेटिंग्ज जुळवा. मग सिक्युअर बूटचं पान उघडा.

एसरच्या लॅपटॉपवर हा पर्याय करड्या रंगात मिटलेला दिसतो आणि बाण त्यावर जातच नाही. लॅपटॉपमध्ये बिघाड नाही. सिक्युरिटी टॅबमध्ये सुपरवायझर पासवर्ड ठेवला की तो उघडतो. काम झालं की पासवर्ड काढून टाका; विसरलात तर सर्व्हिस सेंटरची वारी ठरलेली. एचपीवर बदल साठवून बाहेर पडल्यावर चार आकडी कोड दिसतो, तो टाइप करून एंटर दाबला तरच बदल लागू होतो. नुसतं एंटर दाबून पुढे गेलात तर बदल रद्द.

पर्याय 'एनेबल्ड' आहे पण सिस्टिम इन्फर्मेशन 'ऑफ' म्हणतंय, तर लॅपटॉप 'सेटअप मोड'मध्ये आहे. म्हणजे पीकेची जागा रिकामी आहे. तिथेच 'रीस्टोर फॅक्टरी कीज' किंवा 'इन्स्टॉल डिफॉल्ट कीज' असं काहीतरी असतं, ते दाबलं की किल्ल्या भरल्या जातात.

पण हेच बटण चुकीच्या वेळी दाबलं तर महागात पडतं, आणि या लेखातला क्रम ठरतो तो इथे. फर्मवेअरमध्ये किल्ल्यांचे दोन संच असतात: सध्या वापरात असलेला, आणि कारखान्यातून आलेला मूळ संच. विंडोजनं अपडेटमधून 2023 चं प्रमाणपत्र वापरातल्या डीबीमध्ये टाकलेलं असतं आणि त्यानंतर बूट मॅनेजरही 2023 च्या सहीचा बसवलेला असतो. अशा लॅपटॉपचं फर्मवेअर जुनं असेल तर मूळ संचात फक्त 2011 ची प्रमाणपत्रं असतात. त्यावर 'फॅक्टरी कीज' दाबलंत की नवं प्रमाणपत्र उडतं, आणि नव्या सहीचा बूट मॅनेजर ओळखीचा राहत नाही. थेट व्हायोलेशनची चौकट. नव्या फर्मवेअरमध्ये मूळ संचातही 2023 आलेलं असतं, म्हणून तिथे हे बटण निर्धोक ठरतं. तेव्हा आधी फर्मवेअर, मगच फॅक्टरी कीज. रीडमीत 2023 चा उल्लेख शोधायला सांगितलं ते यासाठीच.

कुणी हे आधीच दाबून बसलं असेल तर मायक्रोसॉफ्टनं सोय ठेवली आहे. अद्ययावत विंडोज असलेल्या दुसऱ्या संगणकावर विंडोज फोल्डरमध्ये बूट, त्यात ईएफआय, आणि तिथे 'सिक्युअरबूटरिकव्हरी' नावाची फाइल असते. एफएटी32 पेन ड्राइव्हवर ईएफआय, त्यात बूट अशी फोल्डर करून ती फाइल 'बूटएक्स64' या नावानं ठेवायची, शेवटचं ईएफआय हे एक्स्टेंशन तसंच ठेवून. सिक्युअर बूट चालू ठेवून त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की प्रमाणपत्र पुन्हा डीबीमध्ये लिहिलं जातं.

2023 ची प्रमाणपत्रं बसली का?

नवं फर्मवेअर बसलं तरी अनेकदा ते फक्त मूळ संच बदलतं. वापरातल्या डीबीत भर टाकायचं काम विंडोजचं. त्यासाठी विंडोज अद्ययावत हवं. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे त्यावर असाल तर वाढीव सुरक्षा अपडेट्सच्या योजनेत नाव असलं पाहिजे.

टास्क शेड्यूलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, पीआय या फोल्डरात 'सिक्युअर-बूट-अपडेट' नावाचं काम असतं. ते दर बारा तासांनी आपोआप चालतं. बदल टप्प्याटप्प्यानं होतात आणि मधे रीस्टार्ट लागतो, त्यामुळे लॅपटॉप दोन-चार दिवस रोजच्यासारखा वापरा आणि मधूनमधून 'शटडाउन' ऐवजी 'रीस्टार्ट' करा. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे टीपीएम-डब्ल्यूएमआय शोधा. 1808 क्रमांकाची नोंद दिसली की झालं. आधी 1795 येत होती ती नव्या फर्मवेअरनंतर थांबायला हवी. रजिस्ट्रीत हात घालून ही प्रक्रिया पळवायच्या कृती फिरत असतात; घरच्या एका लॅपटॉपसाठी मला त्या अनावश्यक वाटतात.

इथपर्यंत आलात की बिटलॉकर 'रिझ्यूम' करायला विसरू नका, विशेषतः रीबूटकाउंट 0 वापरलं असेल तर.

लिनक्सवर

उबंटू, फेडोरा वगैरेंवर एफडब्ल्यूअपडी ही सेवा फर्मवेअर आणते. कंपन्या आपल्या फाइल्स एलव्हीएफएस या भांडारात टाकतात, तिथून त्या थेट तुमच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्ये दिसतात. टर्मिनलवर एफडब्ल्यूअपडीएमजीआर या कमांडपुढे आधी 'रिफ्रेश', मग 'गेट-अपडेट्स', मग 'अपडेट'. डेल, लेनोव्हो, एचपी, फ्रेमवर्क यांचे बरेच लॅपटॉप इथे सापडतात. डीबीएक्सची यादी इथूनच येते, आणि एफडब्ल्यूअपडीच्या नव्या आवृत्त्या केईके आणि डीबीसुद्धा बदलू शकतात. ईएफआय विभाजनावर बंदी येऊ घातलेला जुना बूटलोडर दिसला तर एफडब्ल्यूअपडी नवी डीबीएक्स बसवायला नकार देते. तो नकार तुमच्या भल्याचा आहे. आधी शिम (ग्रबच्या आधी चालणारा, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा छोटा बूटलोडर) आणि ग्रब अपडेट करा.

एसबॅटची, म्हणजे शिम-ग्रबच्या जुन्या आवृत्त्या अडवणाऱ्या व्यवस्थेची, तक्रार असेल तर सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून लिनक्स सुरू करा, मोकयूटिल या कमांडनं एसबॅट पॉलिसी 'डिलीट' करा, एकदा रीस्टार्ट करा, शिम अद्ययावत करा आणि सिक्युअर बूट परत चालू करा. नव्या थिंकपॅडवर लिनक्सचा पेन ड्राइव्हच चालत नसेल तर बायोसमध्ये 'अलाउ मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए' हा पर्याय बंद असण्याची शक्यता आहे. तेवढा चालू करा.

अपडेट फसलंच तर

चार्जर लावलेला, दिवा लागतोय, पडदा काळाच. अर्धा तास थांबून झालं. आता पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि कंपनीची रिकव्हरी वापरा. डेलवर चार्जर काढून कंट्रोल आणि एस्केप दाबून धरा आणि तसंच धरून चार्जर लावा. एचपीवर विंडोज आणि बी दाबून धरून पॉवर बटण दाबा. बीप ऐकू आले की पेन ड्राइव्हवरची प्रत वाचली जातेय. व्यावसायिक श्रेणीचे अनेक लॅपटॉप चिपमध्ये जपलेल्या प्रतीवरून स्वतःच उभे राहतात.

त्यानंही दाद दिली नाही तर वॉरंटी असेपर्यंत अधिकृत सेंटर. वॉरंटी संपली असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरात चिप लेव्हल काम करणारा कारागीर गाठा. तो बोर्डवरची फ्लॅश चिप प्रोग्रॅमरवर लावून नवी प्रत लिहितो. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: पुसायच्या आधी जुन्या चिपची पूर्ण प्रत काढून ठेव आणि ती मलाही दे. त्यात तुमच्या मशीनचा सीरियल नंबर आणि विंडोजची लायसन्स की असते. दुसऱ्या लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी लिहिली तर लॅपटॉप उठतो खरा, पण दुसऱ्याचा सीरियल नंबर घेऊन, आणि मग कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचं मशीन सापडत नाही.